‘वाटतं’, ‘असावं’, ‘बहुधा’: सावध बोलणं नेमकं कसं चालतं आणि कुठे फसतं

“पुढच्या तिमाहीत मागणी दहा टक्क्यांनी वाढेल, असं सध्या तरी वाटतंय.” बैठकीत हे वाक्य उच्चारलं गेलं की समोरच्याच्या वहीत काय उतरतं? बहुतेक वेळा फक्त ‘मागणी +१०%’. ‘सध्या’, ‘तरी’ आणि ‘वाटतंय’ हे तीन शब्द बोलणाऱ्याने मुद्दाम घातलेले असतात आणि नेमके तेच आधी गळतात. तीन महिन्यांनी मागणी चारच टक्के वाढली की एक म्हणतो, “मी वाटतंय म्हणालो होतो.” दुसरा म्हणतो, “तुम्ही दहा टक्के म्हणाला होतात.” दोघेही खरंच बोलत असतात.

इथे आपल्या भाषेच्या रचनेचाही थोडा हात आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आकडा आधी आणि शंका नंतर. ऐकणाऱ्याने आकडा टिपलेला असतो, मान खाली गेलेली असते, आणि तेव्हा कुठे ‘असं वाटतंय’ येतं. लेखी मजकुरात डोळा मागे जाऊ शकतो. बोलण्यात ती सोय नाही. त्यामुळे तोंडी सांगताना शंका वाक्याच्या डोक्यावर ठेवावी: “हा अंदाज आहे. मागणी दहा टक्के वाढेल, पण सहाही होऊ शकते.” यात दोन गोष्टी साधतात. ‘अंदाज’ हा शब्द आकड्याच्या आधी कानावर पडतो आणि शंकेलाही स्वतःचा आकडा मिळतो. वहीत ‘६ ते १०’ असं उतरण्याची शक्यता त्यामुळे बरीच वाढते, कारण आकड्यापुढे टिकायला आकडाच लागतो.

अशा शब्दांना भाषाशास्त्रात ‘हेज’ म्हणतात, म्हणजे शब्दशः कुंपण. जॉर्ज लेकॉफ यांनी १९७२ साली ही संज्ञा रूढ केली, तेव्हा त्यांचा प्रश्न राजकारणाचा नव्हता, वर्गवारीचा होता. ‘चिमणी एक प्रकारे पक्षीच आहे’ हे विचित्र वाटतं, ‘पेंग्विन एक प्रकारे पक्षीच आहे’ हे चालून जातं. ‘एक प्रकारे’ या दोन शब्दांनी वाक्याचा खरेपणाच सरकतो. पुढे १९८२ साली एलन प्रिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांची आपापसातली बोलणी तपासली आणि या शब्दांचे दोन ढीग केले. ते आजही उपयोगी पडतात. पहिल्या ढिगातले शब्द गोष्टच अंदाजे करतात: सुमारे, जवळजवळ, पन्नासेक, च्या आसपास. दुसऱ्या ढिगातले शब्द गोष्टीला हात लावत नाहीत, बोलणाऱ्याची बांधिलकी सैल करतात: मला वाटतं, बहुधा, त्यांच्या म्हणण्यानुसार. ‘पन्नासेक लोक आले’ म्हणणारा आलेल्यांबद्दल खात्रीने बोलतो, फक्त मोजणी ढोबळ आहे. ‘पन्नास लोक आले असावेत’ म्हणणारा बहुधा तिथे नव्हताच.

हे ढीग कळले की सावध बोलण्याची खरी कसोटीही कळते. शंका वाक्याच्या कुठल्या भागावर आहे, हे त्यातून समजतं का? समजलं तर ती माहिती झाली. नाही समजलं, तर त्याला मराठीत फार नेमके शब्द आहेत: मोघम, गुळमुळीत, गोलगोल. ‘नरो वा कुंजरो वा’ हा त्याचा सगळ्यात जुना नमुना. त्यात शब्दन् शब्द खरा होता, शंकाही उच्चारली गेली होती, पण ज्याला ऐकू जायला हवी त्याला ती जाऊ नये अशी सगळी व्यवस्था होती.

मराठीची हत्यारं

एकच बातमी घ्या: माल निघाला की नाही. ‘माल निघालाय’ हे ठाम विधान. ‘माल निघाला असेल’ हा नेहमीच्या सवयीवरून केलेला कयास; बोलणाऱ्याने फोनसुद्धा केलेला नाही. ‘माल निघाला असावा’ म्हणताना काहीतरी खूण हाताशी असते, गोदाम रिकामं दिसतंय वगैरे. ‘माल निघालेला असू शकतो’ यात फक्त तसं होणं अशक्य नाही एवढंच कळतं. ‘माल निघालाय म्हणे’ यातल्या एका ‘म्हणे’ने सगळी जबाबदारी तिऱ्हाइताच्या गळ्यात जाते. आणि ‘माल निघालाच असणार!’ ऐकायला सगळ्यात जोरकस, पण प्रत्यक्षात ते साध्या ‘निघालाय’पेक्षा कच्चं आहे. ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो ‘असणार’ म्हणत नाही. हा ‘च’ खात्रीचा वाटतो, असतो मात्र तर्काचा. बैठकीत कुणी ‘झालंच असणार’ म्हणालं, की ते अजून तपासलेलं नाही, असं समजून चालावं.

सगळ्यात घोटाळ्याचं क्रियापद म्हणजे ‘शकणे’. ते तीन कामं करतं. ‘ही यंत्रणा रोज हजार अर्ज तपासू शकते’ यात क्षमता आहे. ‘उद्या यंत्रणा बंद पडू शकते’ यात शक्यता आहे. ‘तुम्ही आता अर्ज करू शकता’ यात परवानगी आहे. आता हे वाक्य पाहा: ‘आम्ही दोन आठवड्यांत देऊ शकतो.’ विकणाऱ्याच्या मनात क्षमता आहे, म्हणजे सगळं जुळून आलं तर. घेणाऱ्याने वचन ऐकलेलं असतं. अशा ठिकाणी ‘शकतो’ काढून जे म्हणायचंय तेच म्हणावं: ‘कच्चा माल हातात असेल तर दोन आठवडे लागतात, आज तो हातात नाही.’

‘बघतो’, ‘कळवतो’, ‘प्रयत्न करू’ हे वेगळं प्रकरण आहे. ओळखीच्या वर्तुळात ‘बघतो’ म्हणजे सभ्य नकार, हे दोघांनाही माहीत असतं. वर्तुळाबाहेरचा माणूस ते अक्षरशः घेतो आणि दोन आठवड्यांनी ‘बघितलंत का?’ असं विचारतो. नकार द्यायचा असेल आणि तो मऊ करायचा असेल, तर कारण मऊ करावं. ‘या महिन्यात जमणार नाही, माणसं अडकलेली आहेत’ हे पुरेसं सौम्य आहे, शिवाय समोरचा दुसरीकडे विचारायला मोकळा होतो.

मग कर्ता गायब करणारी रचना. २७ जानेवारी १९८७ रोजी अमेरिकी संसदेपुढच्या भाषणात अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी इराणला शस्त्रं विकण्याच्या प्रकरणाबद्दल गंभीर चुका झाल्या, असं कबूल केलं. इंग्रजीत त्यासाठी कर्मणी प्रयोग करावा लागला. मराठीत तेवढीही मेहनत नाही: ‘चूक केली’च्या जागी ‘चूक झाली’ म्हटलं की कर्ता आपोआप विरघळतो. त्यावरची पायरी म्हणजे ‘-ण्यात येणे’. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यात कोण, काय आणि कधी हे तिन्ही नाही. हे सावध बोलणं म्हणून खपवलं जातं, पण यात शंका कुठेच नसते. कार्यवाहीची जबाबदारी कुणाकडे आहे हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

शब्दांमागचे आकडे

१९५१ साली अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या एका अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ असल्याचं म्हटलं होतं. परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने सहज विचारलं, गंभीर म्हणजे किती? अहवाल तयार करणाऱ्या मंडळाचे शर्मन केंट म्हणाले, ६५ विरुद्ध ३५, हल्ला होण्याच्या बाजूने. अधिकारी चकित झाला. त्याने बरंच कमी धरलं होतं. मग केंट यांनी त्याच शब्दांवर एकमत झालेल्या आपल्या सहकाऱ्यांना विचारलं. उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरली. म्हणजे मंडळाचं एकमत शब्दावर झालं होतं, शक्यतेवर झालंच नव्हतं. केंट यांनी १९६४ साली एक कोष्टक मांडलं: ‘जवळजवळ निश्चित’ म्हणजे ९३ टक्के, सहाचा फरक धरून, ‘संभवनीय’ म्हणजे ७५, बाराचा फरक धरून, ‘निम्मी निम्मी शक्यता’ म्हणजे ५०, दहाचा फरक धरून.

१९६१ साली क्युबावरच्या आक्रमणाच्या योजनेचा लष्कराने आढावा घेतला, तेव्हाही हेच घडलं. यशाची ‘फेअर चान्स’ आहे, असं त्यात म्हटलं होतं. लिहिणाऱ्यांच्या मनात अपयशाची शक्यता यशाच्या साधारण तिप्पट होती. अध्यक्ष केनेडींपर्यंत ते अनुकूल मत म्हणून पोचलं. मराठीत याच्या तोडीचा धोकादायक शब्द आहे ‘बऱ्यापैकी’. ‘बऱ्यापैकी संधी आहे’ हे ऐकून एक जण ‘बरीच’ समजतो, दुसरा ‘बरी, म्हणजे जेमतेम’.

हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीचे अहवाल अशी कोष्टकं वापरतात: ‘संभाव्य’ म्हणजे ६६ टक्के किंवा अधिक, ‘अतिसंभाव्य’ म्हणजे ९० टक्के किंवा अधिक. गंमत अशी की कोष्टक समोर असूनही वाचणारे या शब्दांना मध्याकडे ओढतात, नव्वदचा अर्थ सत्तरच्या आसपास लावतात. हे डेव्हिड बुडेस्क्यू यांच्या चमूने २००९ साली दाखवलं. बोलताना तर कोष्टक हाताशी नसतंच. म्हणून शब्द आणि आकडा एकाच दमात सांगावे: “होण्याची शक्यता जास्त आहे, दहात सात म्हणा.” ‘दहात सात’ हे ‘७० टक्के’पेक्षा कानाला सोपं जातं.

शंका उघड सांगितली की लोकांचा विश्वास उडतो, ही भीती पुढाऱ्यांना आणि व्यवस्थापकांना सारखीच असते. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की अनिश्चितता आकड्यांच्या पल्ल्यात सांगितली, तर विश्वास फारच थोडा घटतो. तीच ‘याहून कमी-जास्त असू शकेल’ अशा निव्वळ शब्दांत सांगितली, तर अधिक घटतो. विश्वासाला मारक शंका ठरते ती धूसरपणामुळे.

तोंडातोंडी काय होतं

सावधपणा साखळीतून जाताना झिजतो. अभियंता म्हणतो, ‘चाचणीत तरी अडचण दिसली नाही, पण उन्हाळ्यातली चाचणी बाकी आहे.’ विभागप्रमुख सांगतो, ‘चाचण्यांत अडचण नाही.’ संचालक पत्रकारांना सांगतो, ‘अडचण नाही.’ यात कुणीच खोटं बोललेलं नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकच्या शस्त्रांबद्दल अमेरिकी गुप्तचरांचा गोपनीय अंदाज आणि त्याची जाहीर आवृत्ती अशी दोन कागदपत्रं होती. गोपनीय कागदात जिथे ‘आमचा अंदाज असा’, ‘आमच्या मते’ असं होतं, तिथे जाहीर कागदात ते शब्द गळले होते. सिनेटच्या समितीने २००४ च्या अहवालात यावर बोट ठेवलं. मत तेच राहिलं, फक्त त्याचं तथ्य झालं.

उपाय तसा रूक्ष आहे: शंका क्रियाविशेषणात ठेवू नये, तिला स्वतंत्र वाक्य द्यावं. ‘बहुधा’ गाळायला कुणाला परवानगी लागत नाही. ‘उन्हाळ्यातली चाचणी मे महिन्यात होईल, तोवर हे उत्तर अपुरं आहे’ हे वाक्य गाळायचं तर गाळणाऱ्याला तसं मुद्दाम ठरवावं लागतं.

खालून वर जाणारी सावध भाषा आणखी घातक ठरू शकते. वरिष्ठांपुढे ‘जरा’, ‘कदाचित’, ‘नाही का?’ हे मान राखण्यासाठी येतात. त्यांचा संबंध खात्रीशी नसतो. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनहून बर्फात उडालेल्या एअर फ्लोरिडाच्या विमानात उपवैमानिकाला उपकरणांवरचे आकडे चुकीचे दिसत होते. हे काही बरोबर दिसत नाही, नाही का, अशा सुरात त्याने ते पुन्हा पुन्हा सुचवलं. कप्तानाने ते मनावर घेतलं नाही. विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलावर आदळलं आणि ७८ जण मेले. कचेरीतही हाच साचा चालतो, फक्त नुकसान सावकाश होतं. त्यावर व्यवहार्य तोड अशी की मऊपणा संबोधनात ठेवावा आणि गोष्ट कोरडी सांगावी: “सर, एक मिनिट थांबवतो. हा आकडा चुकीचा आहे. मागच्या महिन्याची बेरीज यात दोनदा आली आहे.” ‘सर’ आणि ‘एक मिनिट’ यांनी मान राखला जातो, ‘चुकीचा आहे’वर कुंपण घालायची गरज उरत नाही.

दुसरं टोकही आहे. १९७०च्या दशकात विल्यम ओबार यांच्या चमूने अमेरिकी न्यायालयांतल्या साक्षींवर प्रयोग केले. एकच साक्ष, एकदा सरळ आणि एकदा ‘म्हणजे’, ‘मला वाटतं’, ‘तसं’ अशा शब्दांनी भरलेली, लोकांना ऐकवली. दुसऱ्या तऱ्हेने बोलणारा साक्षीदार कमी विश्वासार्ह ठरला. तेव्हा सरसकट पेरणी नको. एका दाव्याला एकच कुंपण पुरे. ‘मला वाटतं कदाचित साधारणपणे होऊ शकेल’ यात चार आहेत, आणि ऐकणाऱ्याला त्यातून बोलणाऱ्याची धास्ती तेवढी कळते.

बाजार, कायदा, सौदा

मध्यवर्ती बँकांच्या प्रमुखांचं बोलणं हा तर सावध भाषेचा सराव-वर्गच. अमेरिकी मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख अॅलन ग्रीनस्पॅन यांनी ५ डिसेंबर १९९६ रोजी शेअरबाजारातला ‘अविवेकी उत्साह’ केवळ प्रश्नरूपात काढला, तोही एका लांबलचक भाषणाच्या आत. दुसऱ्या दिवशी टोकियोपासून लंडनपर्यंत बाजार घसरले. मोठ्या पदावरच्या माणसाचा प्रश्नही विधान म्हणूनच ऐकला जातो. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे झाँ-क्लोद त्रिशे यांच्या काळात एक सावध शब्द चक्क सांकेतिक झाला होता: ‘कडक दक्षता’ म्हणाले की पुढच्या बैठकीत व्याजदर वाढणार. मार्च २०११ मध्ये ते तसं म्हणाले आणि एप्रिलमध्ये दर पाव टक्क्याने वाढला. असा शब्द एकदा रुळला की तो न उच्चारणंही संदेश ठरतं, आणि बोलणारा आपल्याच शब्दात अडकतो.

त्यांच्या नंतरचे मारिओ द्रागी २६ जुलै २०१२ रोजी लंडनमध्ये म्हणाले की युरो वाचवण्यासाठी जे काही लागेल ते करायला बँक तयार आहे. हे वाक्य ठामपणाचा आदर्श म्हणून सांगितलं जातं. त्याच्या सुरुवातीला मात्र एक कुंपण आहे: ‘आमच्या अधिकारकक्षेत राहून’. मर्यादा कायद्याची होती, म्हणून ती एकाच जागी, पहिल्यांदा सांगून टाकली. नंतरच्या शब्दांत शंका मिसळली नाही. एवढी नेटकी रचना क्वचित पाहायला मिळते.

कंपन्यांच्या निकालानंतरच्या दूरध्वनी-बैठकांत सुरुवातीला वाचला जाणारा कंटाळवाणा मजकूर अनेकांना निव्वळ औपचारिकता वाटतो. अमेरिकेत त्यामागे १९९५ चा कायदा आहे. भविष्याबद्दलच्या तोंडी विधानाला संरक्षण हवं असेल, तर विधान भविष्यलक्ष्यी आहे, प्रत्यक्ष निकाल त्याहून बराच वेगळा येऊ शकतो आणि धोक्यांची माहिती अमुक उपलब्ध दस्तऐवजात आहे, असं सांगावं लागतं. इशारा अर्थपूर्ण हवा, म्हणजे त्या धंद्याची खरी जोखीम नाव घेऊन सांगणारा. ‘परिस्थिती बदलू शकते’ एवढ्याने भागत नाही. आणि जे घडून गेलंय त्याला हे छत्र मिळत नाही. वापरकर्त्यांच्या माहितीचा गैरवापर झाल्याचं ठाऊक असताना फेसबुकने तो ‘होऊ शकतो’ असा केवळ संभाव्य धोका म्हणून मांडला, असा आरोप अमेरिकी बाजार नियामकाने केला. जुलै २०१९ मध्ये आरोप मान्य वा अमान्य न करता कंपनीने १० कोटी डॉलर भरून तो मिटवला. झालेल्या गोष्टीला ‘होऊ शकते’ म्हणणं, ही सावध भाषेतली सगळ्यात महागडी चूक.

सौद्यात कुंपण उलटं लागतं. ‘दहा-बारा टक्के सूट देता येईल’ असं म्हणालात की समोरच्याने बारा ऐकले, आणि बोलणी बारापासून पुढे सुरू होतात. तिथे आकडा एकच, बिनशब्दांचा सांगावा आणि मोकळीक अटीत ठेवावी: ‘दहा टक्के. रक्कम आगाऊ असेल तर पुन्हा बसू.’

संकटात काय म्हणायचं

अपघात, बिघाड, माहितीची चोरी अशा वेळी पहिल्या निवेदनात चार गोष्टी याच क्रमाने असाव्यात: काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, त्यासाठी काय चाललंय, पुढची माहिती कधी. “दुपारी चारपर्यंतची माहिती सांगतो. सकाळी नऊला सेवा बंद पडली. कारण अजून सापडलेलं नाही. दोन शक्यता तपासतोय. सात वाजता पुन्हा बोलू, नवीन काही नसलं तरी.” यात ‘कदाचित’ एकदाही आलेलं नाही, तरी वाक्य पूर्ण सावध आहे. वेळेचा शिक्का हेच त्याचं कुंपण. शेवटचे चार शब्द विसरू नयेत. सात वाजता कुणी आलंच नाही तर आधीचं सगळं वाया जातं.

माफीत मात्र कुंपण शोभत नाही. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो’ यात शंका भावनांवर ठेवलेली आहे, जेव्हा दुखावलेले लोक समोर उभे असतात. खरी शंका हेतूबद्दल असेल, तर ती तिथे न्यावी: ‘मी हे बोललो, ते चुकीचं होतं, तुम्हाला लागलं. तसा हेतू नव्हता.’

महत्त्वाच्या भाषणाआधी किंवा बैठकीआधी पंधरा मिनिटं काढून दावे एकाखाली एक लिहावेत आणि प्रत्येकापुढे चारपैकी एक शब्द टाकावा: माहीत, अंदाज, इरादा, परहाती. ‘प्रकल्प बहुधा मार्चपर्यंत पूर्ण होईल’ या एका गुळमुळीत वाक्यात बहुतेकदा चारही कोंबलेले निघतात. सुटे केले की असे दिसतात: ‘सत्तर टक्के काम झालंय. याच वेगाने उरलेलं मार्चअखेर संपेल. तोवर आम्ही माणसं कमी करणार नाही. परवानगी आमच्या हातात नाही. ती जानेवारीत आली नाही, तर तारीख पुढे जाईल.’ लांबी वाढली, पण मार्च हुकला तर तो कुठल्या वाक्यात हुकला हे सगळ्यांना दिसेल. दावे दहाच्या वर गेले, तर महत्त्वाचे तीन सोडून बाकीचे बोलूच नयेत.

ऐकणाऱ्याच्या बाजूनेही थोडं काम असतं. ‘ही शक्यता नाकारता येत नाही’ हे बातम्यांतलं आणि पत्रकार परिषदांतलं लाडकं वाक्य. नाकारता तर जवळपास काहीच येत नाही, त्यामुळे त्यातून मिळणारी माहिती शून्याच्या जवळ असते. त्यावर ‘म्हणजे होणार का?’ असं विचारलं की पुन्हा तेच वाक्य ऐकायला मिळतं. त्याऐवजी विचारावं: दहात किती वेळा? कशावरून? कधी कळेल? यातल्या एकाचं जरी उत्तर मिळालं, तरी ते वहीत उतरवावं, पुढे तारीख घालून आणि ‘वाटतं’ न गाळता.